बाई, तुझं गाव कुठं?

पालघर जिल्ह्यात बाहेरून नोकरीला आलेल्या शिक्षकाला पाड्यावर पहिला प्रश्न गावाचा येतो. मी परभणी म्हटलं की ऐकणाऱ्या आजीच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. मग गाडीच्या हिशेबानं सांगते: बोईसरहून दादर, दादरहून देवगिरी एक्सप्रेस, अख्खी रात्र गाडीत, तेव्हा कुठं परभणी. हे मात्र लगेच कळतं. ‘एवढ्या लांब पोटाला आलीस?’ म्हणत ती सरकून बसायला जागा देते. पाड्यातली कितीतरी घरं दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. घर सोडून पोटामागं जाणं या माणसांना नवं नाही. त्यांच्यासारखीच परमुलखात कामाला आलेली बाई म्हणून त्यांनी मला सामावून घेतलं, असं मला आजही वाटतं.

आमच्यासारखे शिक्षक बोईसरमध्ये पुष्कळ. बीडचे, नांदेडचे, लातूरचे, बुलढाण्याचे, जळगावचे. चित्रालयच्या आसपास, नवापूर रोडला, सरावलीकडं वन रूम किचन घेऊन तिघी-चौघी एकत्र राहतात. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं मानधनावर काढायची, मग वेतनश्रेणी. प्राथमिकचं हे मानधन 2023 पर्यंत महिन्याला 6 हजार रुपये होतं, आता 16 हजार आहे. कारखानदारीच्या गावात डिपॉझिट, भाडं, एजंटचे पैसे भरून त्या सहा हजारांतून गावी आईवडिलांना पैसे पाठवणारी पोरं मी जवळून पाहिली आहेत. त्यांच्याविषयी मला फार आदर आहे.

गावाहून येताना प्रत्येकीच्या सामानात ज्वारीचं पोतडं असतंच. बोईसरच्या गिरणीत गहू आणि तांदूळच जास्त, म्हणून गिरणीवाला आम्हा मराठवाड्याच्या बायांचं दळण एकत्र करून एका दिवशी दळून देतो. इथली भाकरी तांदळाची. पीठ उकडून, मळून, पाण्याचा हात लावून थापायची. ती मला घरमालकीणबाईंनी शिकवली. त्यांचं घर वाडवळांचं, वाडीतली केळी आणि पानवेल अजून राखून असलेलं. सुक्या बोंबलाची चटणी पहिल्यांदा त्यांच्याच हातची खाल्ली. आता सुट्टीत गावी जाताना मी सातपाटीचे बोंबील नेते. आमची माय नाक मुरडते आणि दोन भाकऱ्या जास्त खाते.

शाळा बोईसर-चिल्हार रस्त्यापासून आत आहे. एमआयडीसीतून महामार्गाला जाणारे ट्रेलर आणि टँकर याच रस्त्यानं धावतात. सकाळी इको गाडीत दाटीनं बसायचं, फाट्यावर उतरायचं आणि पुढं चालायचं. मराठवाड्यात पाऊस आला की माणसं दारात येऊन त्याच्याकडं बघत बसतात. इथं जुलैत पाऊस दिवसच्या दिवस माणसाच्या अंगावर राहतो. शाळेच्या कपाटात कोरडी साडी ठेवायची, पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत न्यायची, ओहोळाला पाणी चढलं तर पलीकडं उभ्या असलेल्या पोरांना हातानं खुणा करून घरी पाठवायचं आणि मगच आपण परतायचं, हे इथं आल्यावर अंगवळणी पडलं.

शिक्षकांनी मुख्यालयी राहावं, अप-डाऊन करू नये, असं अधूनमधून जोरात म्हटलं जातं. मला ते म्हणणं तत्त्वतः पटतं. शाळेच्या गावात राहणाऱ्या शिक्षकाला मूल संध्याकाळीही दिसतं, आणि संध्याकाळचं मूल वेगळंच असतं. पण पाड्यावर भाड्याची खोली मिळत नाही. माणसांची स्वतःची घरं कुडाची, एकाच मोठ्या खोलीत चूल, धान्याची कणगी आणि सगळं कुटुंब. त्यांनी मला कुठं ठेवावं? चीनमध्ये इंग्रजी शिकवायला जाणाऱ्या ब्रिटिश तरुणांच्या करारात राहायचं घर किंवा घरभाडं आणि विमानाचं तिकीट बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. परक्या मुलखातून माणूस बोलवायचा तर त्याच्या डोक्यावर छप्पर हवं, एवढी साधी गोष्ट तिथल्या खाजगी भाषाशाळांनाही समजते. आपण बाहेरच्या जिल्ह्यातून पोरगी आणतो, तिच्या हातात नेमणुकीचा आदेश देतो आणि खोली तिलाच शोधायला सांगतो. दर दोन-तीन शाळांमागं शिक्षकांसाठी दोन खोल्या बांधल्या तर अप-डाऊनचा अर्धा वाद तिथंच मिटेल. ज्याच्या त्याच्या निष्ठेवर बोट ठेवणं सोपं आहे, खोल्या बांधायला पैसे लागतात.

राहण्याखालोखाल अडतं ते पंचांगाशी. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि मे महिन्यात संपतं, पाड्याचं वर्ष निराळंच चालतं. पावसाच्या आधी राब भाजायचा, मग पेरणी, मग आवणी, म्हणजे भाताची लावणी. आवणीच्या दिवसांत मोठी मुलं चिखलात आणि मधली मुलं घरी धाकट्यांना सांभाळायला. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस. भात झोडून झालं की भट्टीचा मुकादम उचल देऊन गेलेलाच असतो, आणि एखाद्या सोमवारी वर्गातली पुढची ओळ रिकामी दिसते. मग शिमगा, आणि चैत्री पौर्णिमेला डहाणूजवळच्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा. हे सगळं एकदा डोक्यात बसलं की अभ्यासाची आखणी बदलते. ज्यानं अवघड भाग आवणीत शिकवला, त्यानं तो भिंतींना शिकवला. मी वजाबाकीचा हातचा आणि जोडाक्षरं ऑगस्ट ते ऑक्टोबर याच काळात बसवते, कारण तेव्हा मूल हमखास समोर असतं.

आणि मूल रिकाम्या हातानं येत नाही. पहिल्या पावसानंतर रात्री बत्ती घेऊन शेतातले खेकडे पकडायला सगळा पाडा बाहेर पडतो. अशाच एका सकाळी तिसरीतला एक मुलगा झाकणाला भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा घेऊन वर्गात आला. आत खेकडे. त्या दिवशी दशक-एकक शिकवायचं होतं, काड्यांचे गठ्ठे मांडून ठेवले होते. मी गठ्ठे बाजूला सारले आणि विचारलं, एका खेकड्याला पाय किती? सगळे उकिडवे बसून मोजायला लागले. नांग्या धरून दहा. दोन खेकड्यांचे वीस, तिघांचे तीस. पाच खेकडे परातीत सोडले तसा पन्नासचा गलका झाला. भिंतीला टेकून बसलेली एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती उठली, परातीपाशी आली आणि एकावर बोट ठेवलं. त्याची एक नांगी तुटलेली होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, ‘एकोणपन्नास.’ हा आकडा मुलांना कायम छळतो. त्या वर्गाला तो पुन्हा शिकवावा लागला नाही. खेकडे संध्याकाळी घरी गेले, कालवणाला.

अशा वेळी मला अनुताई वाघांची आठवण येते. मुंबईत जन्मलेल्या आणि भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला आल्या. पुण्याहून अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. दोघीही इथल्या नव्हेत. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडी वस्तीच्या अंगणात नेली. पुढं 1957 मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथं मुलं गुरांमागं जातात म्हणून शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. ताराबाई 1973 मध्ये गेल्या. अनुताई 1992 मध्ये गेल्या, तोवर कोसबादच्याच होऊन राहिल्या. आम्हा सगळ्यांना त्यांच्यासारखं राहता येणार नाही. घरी म्हातारे आईबाप आहेत, नवरा एका जिल्ह्यात आणि बायको दुसऱ्या जिल्ह्यात अशी जोडपी आहेत. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज भरणाऱ्या कुणालाही मी नावं ठेवत नाही. मात्र शाळेनं मुलाच्या दिशेनं चालत जायचं असतं, ही या दोघींची रीत दोन वर्षांसाठी आलेल्या शिक्षकालाही पाळता येते.

एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे. माझ्या जागेवर इथलीच मुलगी असायला हवी होती. अनुसूचित क्षेत्रातली शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक अशी पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरावीत, अशी राज्यपालांची अधिसूचना 2014 ची आहे. तिच्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांच्या पोटावर त्या निर्णयानं पाय येतो हे मला माहीत आहे, आणि तरीही मला तो योग्य वाटतो. आमच्या केंद्रात एक वारली शिक्षिका आहे. पहिलीत दाखल झाल्यापासून माझ्याशी मानेनंच बोलणारं एक पोर तिच्या मांडीला टेकून अर्ध्या दिवसात घरच्या शेळीची सगळी हकीगत सांगून मोकळं झालं. माझं प्रशिक्षण, माझे तक्ते, माझी माया यांना ज्यासाठी महिने लागतात ते तिला जन्मानंच मिळालं आहे. मी तिच्या वर्गात मागं बसते आणि वहीत लिहून घेते. ती मला न लाजवता शिकवते. नव्या शिक्षणसेवकाला पहिल्याच महिन्यात अशा शिक्षिकेच्या वर्गात बसवावं, एवढं जरी झालं तरी पहिलीतल्या कितीतरी मुलांचं वर्ष वाचेल. आमच्या प्रशिक्षणाचे बरेचसे दिवस माहिती ऑनलाइन कशी भरायची हे ऐकण्यात जातात, त्यातलेच चार दिवस इकडं वळवता येतील.

बोईसर शहरातल्या शाळांचं दुखणं दुसरं आहे. माझी खोलीतली मैत्रीण तिथं शिकवते. तिच्या वर्गात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कामगारांची मुलं, शेजारी मांगेल्यांची, वारल्यांची. बाप कारखाना बदलतो तशी चाळ बदलते आणि चाळ बदलली की मूल हजेरीपटावरून नाहीसं होतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात आमच्या इथलं तारापूर देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत पहिलं होतं, 93.69 गुणांनी. रात्री वास सुटला की आम्ही खिडक्या लावून घेतो. तिच्या वर्गातल्या मुलांच्या चाळीला लावण्यासारख्या खिडक्याच नाहीत. कारखान्यात स्फोटाची बातमी आली की दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना तिचा आवाज बदलतो, कारण कुणाचा बाप कुठल्या पाळीला होता हे तिला आधी विचारावं लागतं. अणुऊर्जा केंद्र 1969 पासून इथं आहे, वाढवणला बंदराची पायाभरणी 2024 मध्ये झाली, बुलेट ट्रेनचे खांब उभे राहत आहेत. माणसं येतच राहणार. त्यांच्या मुलांना शिकवायला कोण येणार आणि ते राहणार कुठं, याची चर्चा मला कुठल्याच व्यासपीठावर ऐकू येत नाही.

सध्या भात पिवळं पडू लागलंय, तेव्हा मी आणि आमच्या केंद्रातली ती वारली शिक्षिका घरोघर फिरतोय. भट्टीवर कोण जाणार आणि कुणाचं मूल आजी-आजोबांपाशी मागं ठेवता येईल, याची यादी करायची आहे. मागं राहणाऱ्या मुलाच्या जेवणाची सोय सरकारी योजनेतून होते, पण त्यासाठी घरात एक म्हातारं माणूस राजी व्हावं लागतं. परवा एका आजोबांपाशी बसलो. त्या एकोणपन्नासवाल्या मुलीचे आजोबा. ते म्हणाले, पोरीला ठेवतो, पण माझे गुडघे गेलेत, शेळ्या कोण नेणार? वारली बाईंनी त्यांच्याशी बराच वेळ बोलून घेतलं. ठरलं असं, की पोरगी सकाळी शेळ्या शाळेमागच्या माळावर आणून बांधेल आणि मधल्या सुट्टीत त्यांना पाणी दाखवेल. मुख्याध्यापकांना विचारायचं अजून बाकी आहे.