वार्धक्य अखंड, उपचार खंडित

एखाद्या शास्त्राचा इतिहास म्हणजे शोधांची व शोधकांची नामावळी, अशी आपल्याकडील सुशिक्षितांचीही समजूत आहे. परंतु कोणत्या ज्ञानाला विद्यापीठाने आसन दिले आणि कोणते दारातच तिष्ठत ठेवले, हाही इतिहासाचाच विषय होय. वृद्धांच्या शुश्रूषेचे शास्त्र हे असे तिष्ठत राहिलेले ज्ञान आहे आणि त्या उपेक्षेची किंमत आज घरोघरचे वृद्ध मोजीत आहेत.

आयुर्वेदाने आपल्या आठ अंगांत रसायनतंत्राला स्वतंत्र स्थान दिले होते. पाश्चात्त्य वैद्यकात वृद्धवैद्यकाला नाव मिळाले ते १९०९ साली, न्यूयॉर्कच्या डॉ. इग्नात्झ नाशर यांच्याकडून. पण नाव मिळाले म्हणून काम उभे राहिले नाही. ते उभे राहिले दरिद्री-निराश्रितांच्या एका रुग्णालयात. १९३५ साली लंडनजवळील वेस्ट मिडलसेक्स इस्पितळाने शेजारचे असे रुग्णालय ताब्यात घेतले आणि तेथील ७१४ खाटांचा भार डॉ. मार्जरी वॉरेन यांच्यावर आला. असाध्य म्हणून अंथरुणाला खिळविलेल्या त्या वृद्धांची बाईंनी एकेक करून तपासणी केली, त्यांची वर्गवारी लावली, त्यांना उठविले, चालविले. आणि कित्येकांना घरी धाडले. वृद्धाच्या शरीराचा, मनाचा आणि घरच्या परिस्थितीचा विचार डॉक्टर, परिचारिका, व्यायामोपचारक व समाजसेवक यांनी एकत्र बसून करावा, हा त्यांचा धडा १९४३ साली छापून प्रसिद्ध झाला. मोठ्या विद्यापीठांना जे सुचले नाही, ते अडगळीतल्या खाटांनी शिकविले!

हा धडा केवळ भूतदयेचा नव्हे. २०१७ साली नऊ देशांतील २९ चाचण्यांचा व १३,७६६ रुग्णांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. इस्पितळात अशी सर्वांगीण तपासणी झालेले वृद्ध पुढे जिवंत आणि आपल्या घरी असण्याचा संभव अधिक, असे त्यात आढळले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही वृद्धांच्या एकात्मिक शुश्रूषेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

आपल्याकडे काय आहे? २००७ चा आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा आहे, २०१० पासूनचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, सत्तरी ओलांडलेल्यांसाठी २०२४ पासून विम्याचे छत्रही आहे. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील नागरिक १० कोटी ३८ लाख होते; त्यानंतर ही संख्या वाढलीच आहे. योजनांची वाण नाही. वाण आहे ती जोडणाऱ्या धाग्याची. एकच वृद्ध डोळ्यांसाठी एका दारी, सांध्यांसाठी दुसऱ्या, हृदयासाठी तिसऱ्या दारी जातो. प्रत्येक ठिकाणी नवी चिठ्ठी, नव्या गोळ्या. पहिल्या गोळ्यांची दुसऱ्याला वार्ता नाही. ही सारी कागदपत्रे पिशवीत घालून कोणत्या गोळीने सासऱ्यांना भोवळ येते, हे ध्यानात ठेवणारी घरची सूनच काय ती या व्यवस्थेतील एकमेव एकात्मिक यंत्रणा!

एकत्र कुटुंब सारे सांभाळील, असे म्हणणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, ते सांभाळणे बहुधा एकाच स्त्रीच्या खांद्यावर पडते आणि तिने कमावलेले ज्ञान कोणत्याही ग्रंथात नोंदले जात नाही. खर्चाची सबब सांगणाऱ्यांनी, पुनःपुन्हा इस्पितळात भरती होणाऱ्या वृद्धाचा खर्च कोण सोसतो, याचाही हिशेब मांडावा.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. महापालिकेच्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी वृद्धांसाठी एकत्रित तपासणी व्हावी. औषधांची एकच वही असावी आणि ती प्रत्येक डॉक्टराने पाहावी. विद्यापीठांतील इतिहास, समाजशास्त्र व वैद्यक या विभागांनी परिचारिकांच्या आणि घरोघरच्या शुश्रूषेचे ज्ञान संशोधनाचा विषय करावे. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयाने १९९६ साली वृद्धवैद्यकाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. त्या वाटेने महाराष्ट्राने अधिक झपाट्याने चालावयास हवे.

वार्धक्य तुकड्यातुकड्यांनी येत नाही. त्यावरील उपचार मात्र तुकड्यातुकड्यांनी होतात. आज जे या विषयी उदासीन आहेत, तेही उद्या तीच पिशवी घेऊन त्याच रांगेत उभे राहणार आहेत, याचे भान राज्यकर्त्यांनी व विद्वानांनी ठेवावे.