मित्राचे कान आणि मोठ्यांची जबाबदारी

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशातील सर्व शिक्षणसंस्थांना बंधनकारक अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षीय विद्यार्थिनीच्या मृत्यूचे प्रकरण न्यायालयापुढे होते. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे आणि गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडून त्यांचा जाहीर पाणउतारा करू नये, असे त्यात म्हटले आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एकाच वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. हे वाचून कोणाही पालकाचे अंतःकरण हेलावेल.

न्यायालयाचा हा निर्णय स्वागतार्ह आहे. ख्रिस्तसभेच्या शाळांनी त्याची अंमलबजावणी तपासणीच्या भीतीने नव्हे, तर स्वतःचे कर्तव्य म्हणून करावी. परंतु समुपदेशकाची खोली उघडली म्हणजे काम संपत नाही. त्या खोलीचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी मूल बहुधा कोणाशी तरी बोललेले असते, आणि ती व्यक्ती आई-वडील किंवा शिक्षक असण्यापेक्षा शेजारच्या बाकावरचा मित्र असण्याचाच संभव अधिक. म्हणून माध्यमिक शाळांतील विद्यार्थी-मंडळे आणि परस्पर-साहाय्य गट यांचा विचार या निर्णयाच्या जोडीनेच व्हावयास हवा.

ही कल्पना ख्रिस्तसभेला नवी नाही. संत जॉन बॉस्को स्वतः किएरी येथे शिकत असताना त्यांनी सोबत्यांचे ‘आनंद मंडळ’ स्थापन केले होते. पुढे १८५६ च्या जून महिन्यात त्यांच्या तुरीन येथील वसतिगृहात अवघ्या चौदा वर्षांच्या डॉमिनिक साव्हिओने मित्रांसह निष्कलंक मातेच्या नावाने एक संघ उभारला. नव्याने आलेली, एकाकी पडलेली किंवा वाट चुकू पाहणारी मुले संघाचे सदस्य आपसांत वाटून घेत व त्यांना सोबत करीत. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या मुलांच्या पाठीशी डॉन बॉस्को सतत उभे होते. मुले मुलांना सांभाळत होती, पण त्या मुलांनाही सांभाळणारे कोणीतरी होते.

आपल्या काळातील एक अभ्यासही हेच सुचवितो. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने बिहारमधील नालंदा जिल्ह्यात सरकारी माध्यमिक शाळांमध्ये एक उपक्रम राबविला. त्यात विद्यार्थ्यांचे गट, भित्तिपत्रक, मन मोकळे करण्यासाठी पेटी आणि वैयक्तिक समुपदेशन यांचा समावेश होता. त्याचे निष्कर्ष २०१८ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या शाळांत या कामासाठी खास प्रशिक्षित व्यक्ती नेमली होती, तेथे शाळेचे वातावरण सुधारले, मुलांमधील नैराश्य व दादागिरी घटली. तेच काम जेथे शिक्षकांवर सोपविले, तेथे तसा परिणाम दिसला नाही. ही व्यक्ती उच्चविद्याविभूषित मानसोपचारतज्ज्ञ नव्हती, हे विशेष. तिच्याकडे प्रशिक्षण होते आणि हेच तिचे मुख्य काम होते.

फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षक ‘आरोग्यदूत’ आणि वर्गाचे मॉनिटर त्यांचे साहाय्यक, अशी योजना आहे. हेतू चांगला आहे. मात्र अध्यापन, परीक्षा आणि निवडणुकीची कामे यांनी वाकलेल्या शिक्षकांवर आणखी एक पद लादल्याने काय साधणार, याचा विचार नालंदाच्या अनुभवानंतर करावाच लागेल. तसेच मॉनिटर हा बहुधा शिक्षकांच्या मर्जीतील हुशार विद्यार्थी असतो. नापास होण्याच्या भीतीने ग्रासलेला मुलगा त्याच्यापाशी मन मोकळे करील काय? गटात मागच्या बाकावरच्या मुलांनाही स्थान हवे.

सर्वांत नाजूक प्रश्न गुप्ततेचा. ‘कोणाला सांगू नकोस, तुला शपथ आहे,’ असे म्हणून एखादी मुलगी मैत्रिणीला जिवावरचा विचार सांगते आणि ती मैत्रीण शब्द पाळते. पुढे अघटित घडल्यास तो भार तिला आयुष्यभर वाहावा लागतो. पापनिवेदनाची गुप्तता अभंग असते, पण ते बंधन धर्मगुरूवर आहे, चौदा वर्षांच्या मुलावर नाही. जिवाला धोका असेल तेव्हा विश्वासू मोठ्या माणसाला सांगणे ही चहाडी नव्हे, ती मैत्रीच आहे, हे प्रत्येक गटात पहिल्याच दिवशी शिकविले पाहिजे. ऐकावे, एकटे सोडू नये आणि मोठ्यांपर्यंत पोहोचवावे, एवढेच मुलांचे काम. उपाय शोधणे हे त्यांचे काम नाही.

आपल्या धर्मग्रामांत पुष्कळ करता येण्यासारखे आहे. शाळेचे व्यवस्थापन, पालक-शिक्षक संघ आणि धर्मग्राम परिषद यांनी एकत्र बसून समुपदेशकाच्या वेतनाची तरतूद करावी. जवळजवळच्या लहान शाळांनी मिळून एक समुपदेशक नेमण्याचा विचार करावा. युवा संघटना व धर्मशिक्षणाच्या वर्गांत ऐकण्याचे प्रशिक्षण द्यावे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक शाळेच्या व चर्चच्या सूचनाफलकावर ठळकपणे लावावा. आणि निकालाच्या दिवशी घरी परतलेल्या मुलाला गुण विचारण्याआधी ‘जेवलास का?’ असे विचारावे.

एम्माऊसच्या वाटेवर खचलेल्या दोघा शिष्यांना प्रभूने गाठले तेव्हा त्याने प्रथम उपदेश केला नाही. तो त्यांच्यासोबत चालला, त्यांना प्रश्न विचारला आणि त्यांचे ऐकून घेतले. आपल्या मुलांना आपण मित्राचे ऐकायला जरूर शिकवू या. परंतु त्यांनी ऐकलेले ऐकून घेण्यासाठी आपण मोठी माणसे जागेवर असली पाहिजेत.