हृदयावरचा नफा

स्पर्धा असली की किमती उतरतात, हे खुल्या बाजाराच्या पुरस्कर्त्यांचे आवडते सूत्र. वैद्यकीय उपकरणांच्या बाजारात ते नेमके उलटे चालते. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटची निवड रुग्ण करीत नाही. निवड इस्पितळाची, पैसे रुग्णाचे. साहजिकच कंपन्यांची चढाओढ लागते ती इस्पितळाचे दार उघडून घेण्यासाठी. ज्या मालाच्या छापील किमतीत इस्पितळाचा वाटा मोठा, तो माल आधी आत! यालाच व्यवस्थापनाच्या सभ्य भाषेत ‘बाजारप्रवेशाचे धोरण’ म्हणतात.

हा केवळ आरोप नव्हे. २०१७ च्या आरंभी राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत स्टेंटवरील इस्पितळांचा नफा ६५४ टक्क्यांपर्यंत गेल्याचे दिसून आले. दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका लढविली गेली, तेव्हा कोठे २०१६ साली स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आला. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये व साध्या धातूच्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरविण्यात आली. तोवर औषधलेपित स्टेंटसाठी रुग्णाकडून लाखाच्या वर रक्कम उकळली जात होती.

यावर भांडवलदारांचा आक्रोश सुरू झाला. काही परदेशी कंपन्यांनी आपले महागडे स्टेंट भारतातून काढून घेण्याची परवानगी मागितली. अमेरिकेतील उपकरण-उद्योगाने दुग्धउद्योगाबरोबरच आपल्या सरकारकडे धाव घेतली, आणि जून २०१९ मध्ये भारताच्या व्यापारी सवलती रद्द झाल्या.

संशोधनाचा खर्च कोठून काढावा, असा साळसूद प्रश्न विचारला जातो. पण ६५४ टक्के हा प्रयोगशाळेचा नव्हे, इस्पितळाचा नफा होता. त्यातून संशोधनाच्या वाट्याला काय आले, याचे उत्तर प्रथम द्यावे!

मात्र सरकारची पाठ थोपटण्याचेही कारण नाही. स्टेंटनंतर ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा आली. पण बहुसंख्य उपकरणे अशा मर्यादेबाहेरच राहिली. १ एप्रिल २०२० पासून सर्व उपकरणे कायद्याने ‘औषध’ ठरली खरी. परंतु त्यांच्यासाठी बंधन एवढेच, की छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये. जी किंमत मुळातच अवाच्या सवा चढविलेली आहे, तिच्या बाबतीत हे बंधन म्हणजे लुटीला दिलेला परवानाच होय. शिवाय स्टेंटवर गेलेला नफा शस्त्रक्रियेच्या, खोलीच्या वा कॅथेटरच्या नावाखाली वसूल करण्यास कोण अडविते?

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. प्रत्येक आवश्यक उपकरणाची किंमत उत्पादनखर्चाच्या आधारे ठरावी. बिलात प्रत्येक वस्तूची खरेदी-किंमत नोंदविली जावी. आणि जिल्हा रुग्णालयांत हृदयोपचाराची सोय होऊन तेथील खरेदी सार्वजनिक व्हावी. स्टेंटची किंमत उतरली ती कोणाच्या दयेने नव्हे, न्यायालयापर्यंत झालेल्या झगड्याने. कार्यकर्त्यांनी तो झगडा आता इस्पितळाच्या बिलखिडकीपर्यंत नेला पाहिजे.