औषधाआधी थर्मामीटर

थंडीचा कडाका वाढला की शोभिवंत माशांच्या दुकानांत व्हाइट स्पॉटच्या औषधाला मागणी येते. माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आलेत, पर मिटलेत, तो दगडाला अंग घासतोय, असे ग्राहक सांगतो आणि विक्रेता बाटली काढून देतो. औषधाने परजीवी मरतो, पण मासा त्याला बळी का पडला हा प्रश्न तसाच राहतो. आमच्या मते त्याचे उत्तर पुष्कळदा पाण्याच्या तापमानात, त्यातही दिवस-रात्रीच्या चढउतारात सापडते. ‘२५-२६ अंश ठेवा’ एवढे सांगून आपण ग्राहकाला वाटेला लावतो. पहाटेच्या आणि दुपारच्या पाण्यात किती अंशांचा फरक पडतो, हे मोजायला त्याला शिकवणे अधिक गरजेचे आहे.

मासा शरीराची ऊब स्वतः राखत नाही. भोवतालचे पाणी तापले की त्याचा श्वास आणि पचन वेग घेतात, गार झाले की मंदावतात. ढोबळमानाने १० अंशांच्या वाढीला चयापचय दुप्पट होतो. रोगप्रतिकारशक्तीही याच तालावर चालते, म्हणून अचानक गारठलेल्या माशात रोगाला तोंड देणारी प्रतिद्रव्ये उशिरा तयार होतात. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी ३० च्या जवळ जातो. घरात हा फरक कमी होतो हे खरे, पण खिडकीजवळच्या २० लिटरच्या उघड्या टाकीला तो चांगलाच जाणवतो. उन्हाळ्यातला धोका वेगळा. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.५ च मावतो, आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. शिवाय पाण्याचा पीएच ८ असेल, तर एकूण अमोनियातला विषारी वाटा २५ अंशांना साधारण ५.४ टक्के असतो, तो ३० अंशांना ७.५ टक्क्यांवर जातो. ज्या पाण्यात सकाळी मासे ठीक होते, त्याच पाण्यात ते दुपारी पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात, त्याचे कारण बऱ्याचदा हेच असते.

यावर पहिला आक्षेप असा की, ओढ्या-नद्यांचे पाणीही रोज तापते आणि निवते, तिथले मासे जगतातच. जगतात, कारण तिथे त्यांना खोल डोह, सावली, वाहता प्रवाह यांतून जागा निवडता येते. टाकीतल्या माशाला असा आसरा नसतो. दुसरा आक्षेप प्रजनन करणाऱ्यांचा आहे आणि तो वजनदार आहे: कोरीडोरासची जोडी अंडी घालावी म्हणून आपण मुद्दाम थोडे गार पाणी घालतो, मग चढउतार वाईट कसा? या उदाहरणातून आमचाच मुद्दा पक्का होतो. दोन-चार अंशांच्या घसरणीची माशाचे शरीर इतकी नोंद घेते की त्याचा प्रजननकाळ सुरू होतो. धष्टपुष्ट, निवडलेल्या जोडीला ठरवून दिलेला हा इशारा आहे. नुकताच प्रवास करून आलेल्या निऑन टेट्राला रोज रात्री बसणारा तोच धक्का मारक ठरतो. ऋतूप्रमाणे आठवड्या-आठवड्यांनी बदलणारे तापमान मासे सोसतात. आमचा आक्षेप काही तासांत होणाऱ्या उलथापालथीला आहे.

तिसरा आक्षेप खर्चाचा. १०० लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ११६ वॉट-तास ऊर्जा लागते. म्हणजे १०० वॉटचा हीटर, उष्णता कुठेही वाया गेली नाही तरी, एका अंशासाठी सव्वा तासाच्या आसपास घेतो. तो दिवसातून १२ तास चालू राहिला तर १.२ युनिट वीज जाते. हिवाळ्यात टाकीवर झाकण आणि मागच्या-बाजूच्या काचांना थर्माकोल लावला की हा आकडा आणखी खाली येतो. हीटरचा थर्मोस्टॅट चिकटून मासे उकडल्याच्या तक्रारी खऱ्या आहेत. त्यावर उपाय म्हणून मोठ्या एका हीटरऐवजी निम्म्या क्षमतेचे दोन बसवावेत. एक चालूच राहिला तरी पाणी धोक्याच्या पातळीला जायला वेळ लागतो, एक बंद पडला तरी दुसरा सांभाळतो. उन्हाळ्यात झाकण काढून जाळी बसवावी आणि पाण्यावर छोटा पंखा सोडावा. १०० लिटरमधले एक लिटर वाफ होऊन जाताना उरलेल्या पाण्यातून जवळपास ६ अंशांइतकी उष्णता नेते. खोलीतून उष्णता परत येत असल्याने प्रत्यक्ष घट कमी मिळते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हा उपाय उत्तम चालतो, मुंबई-कोकणच्या दमट हवेत मात्र त्याच्यावर फार विसंबू नये.

बिनखर्चाची काळजी तर पाणी बदलतानाच घेता येते. टाकी २६ अंशांवर असताना नळाचे १८ अंशांचे पाणी पाव भाग घातले, तर काही मिनिटांत पारा दोन अंशांनी उतरतो, निम्मे घातले तर चार अंशांनी. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतले दुपारचे पाणी याच्या उलट घात करते. बादलीतल्या पाण्यात थर्मामीटर बुडवून पाहायला आणि गरजेपुरते कोमट पाणी मिसळायला पाचच मिनिटे लागतात.

म्हणून विक्रेत्यांना आमची विनंती आहे: नव्या टाकीसोबत मासे देण्याआधी थर्मामीटर द्या, आणि आजारी माशाची तक्रार घेऊन ग्राहक आला की औषधाच्या बाटलीला हात लावण्यापूर्वी त्याला पहाटेचे आणि दुपारचे, अशी दोन मापे विचारा. मापे नसतील तर आधी ती घ्यायला सांगा. फरक दोन अंशांहून जास्त असेल तर औषधाबरोबर तो फरक कमी करण्याचा उपायही द्या, नाहीतर तोच मासा पुन्हा आजारी पडेल.