'सवय होते' म्हणे!

परवा एका साखरपुड्याला गेले होते. सून बरोबर नव्हती. "सूनबाई कुठंय?" असं विचारल्यावर मी सांगितलं, "रात्रपाळी करून आली, झोपलीय." त्यावर एक काकू म्हणाल्या, "अगंबाई, अकरा वाजता झोप? आणि रात्री तरी सिस्टर लोक दुसरं काय करतात?" दुसऱ्या समजूतदार. त्या म्हणाल्या, "असू दे गं, इतकी वर्षं झाली, आता सवय झाली असेल."

चारचौघांत वाद नको म्हणून मी गप्प बसले. पण दोन दिवस ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले आहे. त्या दोघीही हा ब्लॉग वाचतात. हे आपल्यालाच उद्देशून आहे असं त्यांनी खुशाल समजावं.

आमचं बोईसर म्हणजे पाळ्यांवर चालणारं गाव. १९६९ साली तारापूरला अणुवीजकेंद्र सुरू झालं, मग एमआयडीसी वाढली. फर्स्ट, सेकंड, थर्ड हे शब्द इथल्या पोरांना बाराखडीच्या आधी येतात. थर्ड शिफ्ट करून आलेला बाप झोपला की घर चिडीचूप होतं. टीव्ही बंद, पोरं बाहेर. मी शिक्षिका असताना मुलं सांगायची, "बाई, पप्पा झोपलेत म्हणून अभ्यास ओट्यावर केला." पण तीच रात्रपाळी आईनं केली तर? ती सकाळी येते, डबे भरते, कुकर लावते, मग आडवी होते. तेवढ्यात दूधवाला, सिलिंडरवाला, कुरियरवाला. बेल वाजली की उठायचं तिनंच.

दुसऱ्यांना कशाला बोलू? मीही हेच केलं आहे. "जरा भाजी टाकतेस का गं, मला देवळात जायचंय," म्हणून मी तिचं दार वाजवलं आहे, एकदा नाही, अनेकदा. ती "हो आई" म्हणून उठायची. मलाही वाटायचं, सवय झाली असेल.

मग एके सकाळी ती वेळेवर आलीच नाही. फोन लागेना. साडेदहाला तिचाच फोन आला, डहाणूहून. गाडीत डोळा लागला होता. पालघर गेलं, बोईसर गेलं, वाणगाव गेलं, कशाचाही पत्ता नाही. गाडी रिकामी झाल्यावर कुणा बाईनं हलवून उठवलं. घरी आल्यावर ती हसत होती. मला मात्र हसू येईना. सलग सहावी रात्र होती. त्याच हातांनी पहाटे तिनं किती जणांना सलाईन लावलं असेल, इंजेक्शनचा डोस मोजला असेल, हा विचार काही केल्या जाईना.

त्यानंतर वाचायला लागले. पहिली गोष्ट कळली ती ही, की सवय होत नाही. आपल्या शरीरात एक घड्याळ असतं आणि ते उजेडावर चालतं. अंधार पडला की मेलॅटोनिन नावाचं संप्रेरक वाढतं, झोप येते. पहाटे शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं. नर्स घरी निघते तेव्हा उन्हं डोळ्यांवर येतात आणि घड्याळ पुन्हा दिवसाला लागतं. म्हणून दिवसाची झोप रात्रीपेक्षा तोकडी आणि तुटक होते. वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांतही बहुतेकांचं घड्याळ पुरतं उलटत नाही. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं हे शोधणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. म्हणजे हे काही आळशी सुनेचं निमित्त नव्हे.

दुसरी गोष्ट. सलग सतरा तास जागा असलेला माणूस, रक्तात शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकाच ढिला पडतो, असं १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं. आपल्याकडे गाडी चालवायला मर्यादा आहे तीस मिलिग्रॅमची! वाहनचालकाला आपण पकडतो, नर्सला 'सेवाभावी' म्हणतो. तिसरी गोष्ट, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली रात्रपाळीचं काम 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातलं. प्रत्येकीला तो होईल असा त्याचा अर्थ नाही, पण दुर्लक्ष करावं इतकी क्षुल्लक बाबही नाही.

मग काय, रुग्णालयं रात्री बंद ठेवायची? तसं कोण म्हणतंय? रात्री कुणीतरी जागंच राहायला हवं. पण सहा-सात रात्री ओळीनं लावण्याऐवजी दोन-तीनच लावता येतात. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकल्या तर शरीराला सोप्या जातात, उलट्या सरकल्या तर अवघड. महिन्याचं वेळापत्रक आधी हाती देता येतं. रात्री आळीपाळीनं अर्धा तास डुलकी घ्यायला एक खोली देता येते. ती डुलकी म्हणजे कामचुकारपणा नव्हे, रुग्णाचीच काळजी आहे. आणि मुख्य म्हणजे रिकामी पदं भरता येतात. माणसंच कमी असली तर वेळापत्रक करणाऱ्या मेट्रन तरी काय करणार?

यातलं काहीही न करता १२ मे आला की नाइटिंगेलचा दिवा लावायचा, गुलाब द्यायचं आणि फोटो काढायचा. त्या फुलाऐवजी तिला एक रात्र सुट्टी द्या म्हणावं!

रुग्णालयाचं माझ्या हातात नाही. घराचं आहे. तिच्या खोलीला जाड पडदे लावले आहेत. नाईट असली की बेलचं बटण बंद, दूधवाला पिशवी कडीला अडकवतो आणि भाजी मी टाकते. सत्तरी उलटली तरी भाजी टाकता येते, हेही या निमित्तानं कळलं. ती आता सहा तास झोपते.

असो. काकू, राग मानू नका. आणि सुनेला फोन करायचा असेल तर संध्याकाळी पाचनंतर करा.