सुरैया : कंठ आणि कहाणी

गायिका-अभिनेत्री सुरैया यांचे नाव निघताच लोकांना आठवते ती देव आनंद यांच्याशी त्यांची असफल राहिलेली प्रीती. या दोषाचे माप आम्ही आधी वृत्तपत्रांच्याच पदरात घालतो.

१९२९ साली जन्मलेल्या सुरैयांनी १९४२ च्या ‘शारदा’त, बालवयातच, मेहताब या वयाने कितीतरी मोठ्या नायिकेला आवाज दिला. फाळणीनंतर नूरजहाँ पाकिस्तानात गेल्या. सुरैया मुंबईतच राहिल्या. पुढे बहुतेक नायिका उसन्या गळ्याने गाऊ लागल्या, तरी सुरैयांचा चेहरा आणि कंठ यांची फारकत झाली नाही. १९५४ च्या ‘मिर्झा गालिब’मधील त्यांच्या गझला याची साक्ष देतात, त्या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले.

१९६३ च्या ‘रुस्तम सोहराब’नंतर त्यांनी रुपेरी पडदा सोडला. ३१ जानेवारी २००४ रोजी मुंबईत निधन होईपर्यंत, चाळीस वर्षे, त्यांनी एकांत पत्करला. तो एकांत हा त्यांचा हक्क होता. त्यावर कुजबुजीची पुटे चढविण्याचा हक्क मात्र आम्हांस कोणी दिला नव्हता. ज्यांनी पडद्यावर स्वतःच्याच सुराने गाइले, त्यांची कीर्ती इतरांनी रचलेल्या कहाणीवर का तोलावी? वाचकांनी कहाणी बाजूस ठेवून गाणे ऐकावे, एवढीच आमची विनंती आहे.