जाताना परतीचाही विचार असू द्या

परवा शाळेत एक ताई आल्या. "सर, दोन्ही लेकरांची टीसी पाहिजे होती. त्यांच्या अब्बांनी बोलावलंय, आता सगळे रियाधलाच राहणार." आठ वर्षं नवरा तिकडे, या इकडे. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मोठा चौथीत आहे, धाकटी पहिलीत. आम्ही मुबारकबाद दिली आणि म्हटलं, "ताई, बसा. दोन गोष्टी बोलू."

पोटासाठी गाव सोडणं आम्हा नाकाडोंगरीकरांना नवं नाही. शेजारच्या डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणीवर बाहेरगावची कुटुंबं आली आणि इथलीच झाली. आखाताचं तसं नाही. तिथला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की घरच्यांचा परवानाही जातो. म्हणून तिथे कितीही वर्षं राहिलं तरी परतीचा विचार सोडून चालत नाही.

हा अनुभव अनेक घरांनी घेतला आहे. सौदी सरकारने जुलै 2017 पासून परदेशी कामगाराच्या सोबत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबीयामागे महिना 100 रियाल फी लावली. दरवर्षी ती वाढत जुलै 2020 मध्ये 400 रियाल झाली. बायको आणि दोन मुलं धरली तर वर्षाला 14,400 रियाल होतात. रियाल 22 रुपयांचा धरला, तरी 3 लाखांच्या वर! तेव्हा कितीतरी बापांनी स्वतः तिथे राहून बायका-मुलांना गावी पाठवलं.

त्या काळात आमच्याकडेही एक मुलगा सहावीत आला होता. गणितात हुशार, इंग्रजी फाडफाड. पण मराठीचं पुस्तक उघडलं की मान खाली. मुलं हसायची. दिवाळीपर्यंत तो शाळेत यायलाच तयार होईना. त्याची आई रडत म्हणाली, "सर, आम्हाला वाटलं आता मराठीचं काय काम?" चूक मुलाची नव्हती. पुढे वर्षभर रोज अर्धा तास त्याला बसवून बाराखडी शिकवावी लागली. आता तर 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची आहे.

म्हणून जाणाऱ्या कुटुंबांना आम्ही एवढंच सांगतो.

कागद आधी जुळवा. जन्मदाखला, आधार, पासपोर्ट आणि शाळेचं रजिस्टर, सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच हवं. नुसता निकाहनामा बहुधा पुरत नाही, विवाहाची नोंदणी करून घ्या. दाखल्यांवर राज्य शासनाचा शिक्का आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचं प्रमाणपत्र, लागतं. सौदी अरेबियात ते डिसेंबर 2022 पासून चालतं. टीसीवर शिक्षण विभागाची प्रतिस्वाक्षरी लागते का, हे तिथल्या शाळेला आधीच विचारा.

खर्चाचा हिशेब दोघांनी मिळून करा. फी, घरभाडं, शाळा, सुट्टीची तिकिटं हे सगळं धरून हातात काय उरतं ते पाहा. त्यातून इथे बायकोच्या नावावर थोडं तरी बाजूला पडलं पाहिजे.

आणि मराठी सोडू नका. घरात उर्दू-हिंदी बोला, कुरआन शिकवा, शाळेत इंग्रजी येईलच. बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर फुकट उतरवता येतात. रोज एक पान वाचायचं. दर जुम्म्याला दादीला मराठीत चार ओळी लिहून फोटो पाठवायचा. दादीलाही बरं वाटेल.

आपल्या इतिहासात कुटुंबासह परदेशी जाणारे पहिले लोक हबशाला हिजरत करणारे. हजरत जाफर (रजि.) आणि हजरत अस्मा (रजि.) तिथे बरीच वर्षं राहिले. त्यांचे पुत्र हजरत अब्दुल्लाह (रजि.) तिथेच जन्मले. सन 7 हिजरीत कुटुंब मदिनेत आलं, आणि हबशात जन्मलेल्या याच मुलाने पुढे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हदीसी कथन केल्या. परक्या देशात वाढूनही ते आपल्या माणसांत परके राहिले नाहीत.

ताईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "सर, परत आलो तर घ्याल ना लेकरांना?" आम्ही म्हटलं, "का नाही घेणार? फक्त वाचता येऊ द्या." टीसीसोबत दोघांची मराठीची पुस्तकंही पिशवीत घातली.

अल्लाह त्यांचा प्रवास आसान करो, आमीन.